विंचू चावल्यावर बीपीची गोळी का देतात?

मे महिन्यात कोकणातल्या आरोग्य केंद्रात असं दृश्य नवीन नाही. आढीतले पिकलेले आंबे निवडताना पेंढ्यात हात घातला आणि मुलाच्या बोटाला विंचू चावला. मूल घामाने निथळतंय, उलट्या थांबत नाहीत. डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, "सिस्टर, प्राझोसिन द्या." सोबत आलेला काका गोळीचं नाव मोबाइलवर शोधतो आणि वैतागून विचारतो, "डॉक्टर, पोराला इचू चावलाय. ही तर बीपीची गोळी! लस नाही का तुमच्याकडे?"

काकांचा प्रश्न रास्त आहे. रक्तदाबाची गोळी आणि विंचवाचं विष यांचा संबंध सहज लागत नाही. हा संबंध पहिल्यांदा लागला तोही कोकणातच, महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात. त्यामुळे हे उत्तर कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

विंचू कोणता?

आपल्याकडे सरसकट सगळ्यालाच विंचू म्हणतात, पण धोक्याच्या दृष्टीने दोन प्रकार वेगळे काढावे लागतात. मोठी, काळी, जाडजूड नांग्यांची इंगळी दिसायला भयंकर असते. ती चावली की कळा येतात, पण जिवावर सहसा बेतत नाही. लाल विंचू तिच्यापुढे किरकोळ दिसतो. लांबी दोन ते साडेतीन इंच, रंग तांबूस-पिवळसर, नांग्या बारीक आणि शेपटी मात्र जाड. नांग्या बारीक नि शेपटी जाड असेल तर सावध व्हायचं, एवढा ढोबळ नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

हा विंचू दिवसा दडून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. चिऱ्याच्या गडग्यातल्या फटी, पडवीत रचलेली लाकडं, उतरवून ठेवलेली कौलं, गोठ्यातला पेंढा, बागेत गोळा केलेला पातेरा, कोपऱ्यात पडलेली चप्पल या सगळ्या त्याच्या जागा. पावसाळ्याआधी घर शाकारायचं, लाकूडफाटा आत घ्यायचा, आंबा उतरवायचा ही कामं एकदम येतात आणि नेमके हेच कोपरे उपसले जातात.

चावलेला विंचू शोधण्यात वेळ घालवू नये. समोर दिसला तर लांबून फोटो काढावा, नाही दिसला तर निघावं. उपचार विंचवाच्या रंगावर नाही, रुग्णाच्या लक्षणांवर ठरतो.

विष करतं काय?

आपल्या मज्जातंतूंमध्ये सोडियमच्या कणांना आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की संदेश जातो, मिटलं की थांबतो. लाल विंचवाचं विष ही दारं वेळेवर मिटू देत नाही. मग तंतू संदेश पाठवतच राहतात आणि शरीरात अॅड्रिनलिन व नॉरअॅड्रिनलिन या दोन संप्रेरकांचा लोंढा येतो. घाबरल्यावर छाती धडधडते, हातपाय गार पडतात ते याच संप्रेरकांमुळे. विंचूदंशात तीच अवस्था कितीतरी पटींनी वाढते आणि तासन् तास ओसरत नाही.

या लोंढ्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. विहिरीवरचा पंप पूर्ण जोरात चालू आहे आणि बागेकडे जाणारा पाइप कोणीतरी दाबून धरलाय, अशी हृदयाची गत होते. आधी रक्तदाब चढतो. हातापायांना रक्त पोचत नाही म्हणून ते बर्फासारखे पडतात. हृदय थकू लागतं, रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं आणि तिथे पाणी साचतं. रुग्णाला आडवं झोपवत नाही, तो उठून बसायला बघतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. विंचूदंशाचे मृत्यू मुख्यतः या टप्प्यावर होतात आणि त्यात लहान मुलं जास्त असतात, कारण विष तेवढंच असलं तरी त्यांचं वजन कमी असतं.

वेदनेवरून धोका मोजता येत नाही, हे इथे आवर्जून सांगायला हवं. चावलेल्या जागी प्रचंड ठणका असूनही विष अंगात भिनलेलं नसू शकतं. उलट ठणक्याची फारशी तक्रार न करणारं मूल घामाने भिजून गार पडत असेल, तर ती खरी आणीबाणी आहे.

गोळीचं काम

प्राझोसिन ही उच्च रक्तदाबासाठी तयार झालेली गोळी आहे. नॉरअॅड्रिनलिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर ज्या ठिकाणी काम करतं, ती ठिकाणं ही गोळी अडवते. आवळलेल्या वाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. गोळी विषाला हात लावत नाही, विषाने मांडलेला उच्छाद आवरते.

मुलांना ती किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या हिशेबाने देतात. १५ किलोच्या मुलाला ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्ध्याहून थोडा कमी भाग. उलट्या थांबत नसतील तर नाकातून नळी घालून पोटात सोडतात. दर तीन तासांनी रुग्ण पुन्हा तपासून, हातपाय गरम होईपर्यंत मात्रा दिली जाते. गोळी लागू पडतेय का, हे पाहायला यंत्रही लागत नाही. तळपायाला हाताची मागची बाजू लावायची. पाऊल गार असेल तर वाहिन्या अजून आवळलेल्या आहेत. बोटांपासून घोट्याकडे ऊब येऊ लागली की रक्त पुन्हा खेळू लागलं.

चुका होतात त्याही इथेच. पहिल्या मात्रेनंतर उभं केलं तर रक्तदाब एकदम खाली येऊन रुग्ण कोसळू शकतो. म्हणून मुलाला आडवंच ठेवायचं, कडेवर घ्यायचं नाही, लघवीलाही उठवायचं नाही. आईला हे कोणी नीट सांगितलं नाही तर ती रडणाऱ्या मुलाला उचलणारच, त्यात तिचा दोष नाही. दुसरी चूक गोळीच्या प्रकाराची. प्राझोसिनची सावकाश विरघळणारी गोळीही दुकानात मिळते. रोजच्या रक्तदाबाला ती ठीक आहे, विंचूदंशात तिचा उपयोग नाही, इथे साधी गोळीच लागते. आणि "मग घरातच आणून ठेवू" असं कोणी म्हणत असेल तर तसं करू नये. मात्रा वजनावर असते, रक्तदाब मोजत राहावा लागतो, आणि लक्षणं नसलेल्या माणसाला ही गोळी देणंच चुकीचं आहे.

ही गोळी सुचली कोणाला?

१९७० च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करत होते. विंचूदंशाचे रुग्ण यायचे आणि दगावायचे. तेव्हा झोपेची औषधं, अॅलर्जीची औषधं, स्टेरॉइड, अॅट्रोपिन असं बरंच काही दिलं जायचं. आज कळतं की यातल्या काही औषधांनी उलट भर घातली. अॅट्रोपिन धडधड आणखी वाढवतं, स्टेरॉइड अॅड्रिनलिनचा परिणाम तीव्र करतं.

बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. रक्तदाब किती, नाडी किती, उलटी कधी, घाम कधी, हातपाय कधी गार पडले. मुलग्यांमध्ये आणि पुरुषांमध्ये लिंग ताठ राहणं हेही एक लक्षण आहे आणि घरचे ते लाजेने सांगत नाहीत, हे त्यांच्या नोंदींमुळे ठसलं. पुढे हृदयाला धोका आहे हे आधीच सांगणाऱ्या या खुणा त्यांनी १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. औषध गुणकारी होतं, पण शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं आणि मिनिटामिनिटाला रक्तदाब बघायचा. खेड्यातल्या केंद्राला हे झेपणारं नव्हतं. तेच काम करणारी, तोंडाने देता येणारी, स्वस्त गोळी हवी होती. ती प्राझोसिनच्या रूपाने मिळाली. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत त्यांनी हा अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

गंभीर रुग्णांमध्ये आधी शंभरात सुमारे तीस जण दगावत, प्राझोसिननंतर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं, असं त्यांनी नोंदवलं आहे. यावर चोखंदळ वाचक विचारेल की त्याच काळात रस्ते झाले, गाड्या आल्या, रुग्ण लवकर पोचू लागले, मग श्रेय गोळीचंच कशावरून? शंका योग्य आहे. नुसत्या 'आधी' आणि 'नंतर'च्या आकड्यांवर विसंबू नये. पण इथे आकड्यांच्या जोडीला आणखी पुरावा आहे. विषाची क्रिया आणि गोळीची क्रिया नेमकी उलट आहे, गोळीनंतर काही तासांत हातपाय गरम होताना डोळ्यांनी दिसतं, आणि हाच अनुभव देशातल्या इतर ठिकाणच्या डॉक्टरांनाही आला.

मग विंचू उतरवणाऱ्याकडे माणसं बरी होतात ती कशी?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. प्रत्येक वाडीत कोणीतरी उतरवणारा असतो, बहुतेक वेळा पैसेही न घेता मंत्र म्हणतो, पाला लावतो. आणि त्याच्याकडे गेलेले बरेच जण खरोखर बरे होतात. लोक खोटं बोलत नाहीत.

समजा शंभर जणांना विंचू चावला. काहींना इंगळी चावली, काहींना लाल विंचू चावला पण विष थोडंच गेलं. धरून चालू की यातल्या नव्वद जणांना नुसता ठणका लागला. हा ठणका दिवसभरात आपोआप उतरतो, मंत्र म्हटला तरी आणि काहीच केलं नाही तरी. म्हणजे उतरवणाऱ्याला काहीही न करता शंभरात नव्वद यश. उरलेल्या दहा जणांपैकी कोणी दगावलं तर "उशिरा आणलं" किंवा "विंचू भारी होता" असं म्हटलं जातं. बरे झालेले नव्वद जण गावभर सांगतात. गेलेला माणूस आपली बाजू सांगायला येत नाही.

पण याच फसगतीत डॉक्टरही सापडले होते. अॅलर्जीचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड देणाऱ्या डॉक्टरकडेही तेच नव्वद जण बरे होत होते, त्यामुळे आपला उपचार चालतो असं त्यालाही मनापासून वाटत होतं. पदवी असली म्हणून या चुकीतून सुटका होत नाही. सुटका होते ती ठणकावाल्या नव्वदांना बाजूला काढून, खरोखर विष भिनलेल्या दहांचं काय झालं हे लिहून ठेवल्यावर. उपचार करणारा कोण, यापेक्षा मोजणी कोणाची केली, हे महत्त्वाचं.

म्हणून उतरवणाऱ्याची टिंगल करू नये असं माझं मत आहे. रात्री बारा वाजता लोक त्याच्या दारात जातात, कारण तो जवळ असतो, ओळखीचा असतो आणि धीर देतो. त्याच्याच तोंडून "घाम फुटलाय, हातपाय गार आहेत, आधी दवाखाना गाठा" हे वाक्य निघालं तर कुठल्याही फलकापेक्षा ते जास्त जीव वाचवील.

कायद्याची बाजूही माहीत असावी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गुन्ह्याचा गाभा 'रोखणं' हा आहे, हे नीट वाचावं.

लस असताना गोळी कशाला?

विंचवाची लस म्हणजे घोड्याला थोडं थोडं विष टोचून, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढून केलेलं औषध. ती रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. विषाने आधीच करून ठेवलेली गडबड मात्र ती झटकन निस्तरू शकत नाही, ते गोळीचं काम. मग दोन्ही मिळून दिलं तर?

याचं उत्तर महाडमध्येच शोधलं गेलं आणि २०११ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकात छापून आलं. विषाची लक्षणं असलेले ७० रुग्ण घेतले. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि लस. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता नशिबावर सोडलं होतं, नाहीतर जास्त गंभीर रुग्ण नकळत एकाच बाजूला जमले असते. दहा तासांनी पाहिलं तर दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ पैकी ३२ जणांची लक्षणं पूर्ण गेली होती. नुसत्या गोळीच्या गटात असे ८ जण होते. कोणाला काय दिलंय हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होतं, ही या अभ्यासाची एक मर्यादा. तरी फरक एवढा मोठा आहे की तो नजरेआड करता येत नाही.

तेव्हा लस असेल तर दोन्ही द्यावं, लवकर द्यावं. लस नसेल, किंवा ती येईपर्यंत वेळ जाणार असेल, तर लसीची वाट बघत गोळी अडवून ठेवू नये. लस घोड्याच्या रक्तातली असल्याने क्वचित तीव्र अॅलर्जी होते, म्हणून ती सगळी तयारी असलेल्या दवाखान्यातच घ्यायची. ही लस आधीपासून टोचून ठेवता येत नाही का, असंही विचारलं जातं. नाही. ती उसनी प्रतिद्रव्यं असतात, शरीर काही दिवसांत ती संपवून टाकतं.

अमेरिका-मेक्सिकोच्या विंचवांचं विष वेगळं वागतं. तिथे स्नायूंना झटके येणं, डोळे फिरणं ही लक्षणं जास्त असतात आणि लसच मुख्य उपचार ठरते. तिथलं पुस्तक जसंच्या तसं बिरवाडीत लागू झालं नसतं. इथल्या विंचवाचा अभ्यास इथेच व्हायला हवा होता.

पहिला तास

चावल्याची वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवा, डॉक्टरांचा तो पहिला प्रश्न असतो. अंगठी, बांगड्या, करगोटा काढून ठेवा. जागा बांधू नका, कापू नका, चोखू नका, तिच्यावर चुना किंवा रॉकेल लावू नका. मुलाला चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. वाटेत कपाळावरचा घाम, उलट्या आणि पावलांचा गारवा बघत राहा. मुलग्याच्या बाबतीत लिंग ताठ असेल तर संकोच न करता सांगा, उपचार ठरवायला ती खूण फार मोलाची असते.

दवाखान्यात गेल्यावर दोन आग्रह टाळावेत. पहिला, "सलाइन लावा" हा. घाम आणि उलट्यांनी पाणी जातं हे खरं, पण फुफ्फुसात पाणी साचायला लागलं असेल तर बेताबाहेरचं सलाइन घातक ठरतं. रुग्ण पिऊ शकत असेल तर डॉक्टर तोंडानेच पाणी द्यायला सांगतात. दुसरा आग्रह लवकर घरी जाण्याचा. चावलेल्या जागी भूल दिली की ठणका थांबतो आणि सगळ्यांना वाटतं, संपलं. ठणका थांबला म्हणजे विष उतरलं असं नाही. लहान मुलाला दिवसभर नजरेखाली ठेवायला सांगितलं तर ठेवावं.

चावण्याआधीच करायच्या गोष्टी थोड्या आहेत. चप्पल-बूट झटकून घालणं, अंथरूण भिंतीपासून दूर टाकणं, मच्छरदाणी गादीखाली खोचणं, पेंढा आणि चिरे उचलताना हातमोजे घालणं किंवा आधी काठीने हलवून बघणं. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट-निळा चमकतो. नोटा तपासायची छोटी अतिनील बॅटरी रात्री पडवीत आणि गोठ्यात फिरवली की दडलेला विंचू चटकन दिसतो.

गावाने काय विचारावं?

इतकं संशोधन कोकणात झालं, तरी वाडीपासून आरोग्य केंद्रापर्यंतचं अंतर कोणा संशोधकाला कापता येत नाही. ते काम ग्रामपंचायतीचं, आरोग्य खात्याचं आणि आपलं आहे. ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत एप्रिल उजाडायच्या आत नेमके प्रश्न विचारता येतात. साधं प्राझोसिन आहे का, किती गोळ्या आहेत, मुदत कधी संपते? विंचवाची लस आहे का, नसेल तर सगळ्यात जवळ कुठे आहे? ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का? रात्री डॉक्टर नसतील तर ड्युटीवरच्या सिस्टरला पहिली मात्रा द्यायचा लेखी आदेश आहे का? आणि रुग्णांच्या वहीत चावल्याची वेळ व दवाखान्यात पोचल्याची वेळ अशा दोन वेगळ्या रकान्यांत नोंद होते का? या दोन वेळांमधला फरक वाडीवार मांडला की रस्ता कुठे अडतो, गाडी कुठे मिळत नाही, आणि कोणत्या वाडीत अजून आधी उतरवणाऱ्याकडे नेलं जातं, हे कोणावर आरोप न करता कागदावर दिसतं. पुढच्या हंगामात आशाताईंनी आधी कोणत्या वाडीत जाऊन बोलायचं, ते त्या वहीवरून ठरवता येईल.